चाळीस दिवसांचं पाणी

बंगलोरला बसवनगुडीत आमचं पहिलं बिऱ्हाड ज्या घरात होतं, त्या घराच्या मालकांनी मला खोली देण्याआधी माझे हात हुंगले होते. यात काडीची अतिशयोक्ती नाही. मी दारात उभा होतो, हातात ओळखीची चिठ्ठी होती. ते म्हणाले, "चिठ्ठी असू द्या. चिठ्ठी कोणी पण लिहितं. स्वल्प हात पुढे करा."

मी केले. त्यांनी वाकून माझे दोन्ही तळवे नाकाशी नेले, डोळे मिटले आणि विचारलं, "साबण वासाचा वापरता?"

"हो."

"आमच्या घरात चालणार नाही. बिनवासाचा आणा. आणि हात धुतले की तीन वेळा साध्या पाण्यातून काढायचे. सरी?"

मी सरी म्हणालो. त्या दिवशी मी कशालाही सरी म्हणालो असतो. सांगलीहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो होतो आणि बायकोला सहावा महिना सरत आला होता. तिला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी पाठवायची सोय नव्हती. दोन महिने आम्ही एका मित्राच्या घरी, त्याच्या चार मुलांच्या मधे झोपत होतो आणि मित्राच्या बायकोने अलीकडे आमच्याशी बोलणं सोडून दिलं होतं.

खोली मिळाली, पण चाळीस दिवसांच्या बोलीवर. "नव्या पाण्यावर आणि नव्या बिऱ्हाडावर चाळीस दिवस विश्वास ठेवायचा नाही," असं ते म्हणाले. "मग बघू." नव्या बिऱ्हाडाचं मला समजलं. पाण्याचं काय ते पडवीत ट्रंका ठेवताना कळलं. आमची खोली आणि त्यांचं घर यांच्या मधल्या पडवीत लोखंडी चौकटीची, तीन फूट लांब काचेची टाकी उभी होती. चिकपेटेतल्या लोहाराकडून चौकट आणून, काचांच्या सांध्यांत स्वतः लुकण भरून त्यांनी ती बनवली होती आणि आदल्याच दिवशी तिच्यात पाणी भरलं होतं. म्हणजे पाणी आणि आम्ही, दोघे एकाच मुदतीवर होतो, त्यात पाणी एक दिवस सीनियर.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलत, रागवत कानडीत, आणि संशय घेत तो कोणत्या भाषेत ते मला कधी कळलं नाही, कारण तेव्हा ते बोलतच नसत. तीस वर्षं त्यांनी रेल्वेत तिकीट तपासनीसाचं काम केलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण समोरच्या माणसाकडे तिकीट नाही असंच धरून चालायची सवय गेली नव्हती. वर्तमानपत्र आलं की आधी घडीला हात लावून बघत, शेजाऱ्याने वाचून तर टाकलेलं नाही ना. डॉक्टरकडे गेले की पहिल्यांदा एक खोटं दुखणं सांगत. डॉक्टरने त्यावर औषध लिहिलं की तो डॉक्टर बाद. असे बसवनगुडीतले तीन डॉक्टर बाद होऊन चौथा चालू होता.

दर महिन्याला ते स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाकत. किती दिवसांत येतं ते बघायला, असं सांगत. पण खरं कारण वेगळं होतं. कार्डावर ते लिहीत: "आपल्या गल्लीचा पोस्टमन दुसऱ्यांची कार्डं वाचतो असं ऐकतो, खरं का?" आणि कार्ड द्यायला पोस्टमन आला की दारात उभे राहून त्याचा चेहरा न्याहाळत. पोस्टमन बिचारा कार्ड देई आणि खाली बघून निघून जाई. "बघितलंत?" अण्णा मला म्हणत. "वाचलं त्यानं." तो खाली बघतो कारण पायरी मोडकी आहे, हे मी सांगून पाहिलं. त्यावर ते माझ्याकडेच बघत राहिले.

आणि हुंगणं. भाजी, औषध, नोटीस, पावती, देवळातला प्रसाद, सगळं आधी नाकाशी. काशीयात्रेहून कोणी गंगेचा गडू आणून दिला तर तो साभार परत जाई. "तोंड झाळून बंद केलेलं," ते म्हणत. "आत गंगा आहे की काशीच्या भटाच्या विहिरीचं पाणी, बघायचं कसं? हुंगायची पण सोय नाही." त्यामुळे त्या एवढ्या कर्मठ घरात गंगेचा गडू नव्हता.

याचं दुःख होतं ते अक्कांना. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली, आता साठीच्या पुढे. "या घरात गंगा नाही गं, मुली," त्या माझ्या बायकोला म्हणत. "शेवटच्या वेळी माझ्या तोंडात हा काय घालणार की?" एवढी एक तक्रार सोडली तर अक्कांची कशाबद्दल कुरकूर नसे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या बायकोचा ताबा घेतला. ताकाची वाटी, कोसंबरी, पायाला लावायला तेल, सगळं न मागता येई. "बाळंतपण इथंच," त्यांनी जाहीर करून टाकलं. "माझ्या हातानं अकरा झालीत."

सगळ्या जगात अक्का ही एकच व्यक्ती होती की जिच्यावर अण्णांचा संशय नव्हता. तिने वाढलेलं ते हुंगत नसत.

टाकी भरल्यावर आठवड्याने मासे आले. ते कंटोन्मेंटातल्या एका निवृत्त अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरकडचे होते. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत असू. साध्या, शेपट्या मिरवणाऱ्या माशांवर अण्णांचा विश्वास नव्हता. त्यांना हवे होते ते सिक्लिड. काळसर अंग, त्यावर निळे ठिपके, लाल डोळे, आणि स्वभाव असा की दुसरा मासा दिसला की धडक. त्यांच्या जातीला एका परदेशी मुष्टियोद्ध्याचं नाव होतं. अण्णा त्यांना पैलवान म्हणत. "हे आवडतात मला," ते म्हणाले. "मनात एक, तोंडावर एक असं नाही. आला अंगावर की आला."

ड्रायव्हरसाहेबांनी बजावलं होतं की आधी दोनच न्या, पाणी मुरू द्या, मग बाकीचे. पण बाकीचे मागे ठेवले तर ते त्यांतले चांगले दुसऱ्याला विकतील, असं अण्णांच्या मनाने घेतलं. सहाही एकदम उचलून आणले. टाकीत फुटक्या कुंड्यांच्या सहा खोल्या केल्या होत्या, प्रत्येकाला एक. पहिल्या तासातच एकाने दोन खोल्या बळकावल्या आणि वाळू उकरून तिसरीच्या दारात ढीग घातला. तिसऱ्या दिवशी एक पैलवान पंख फाटून मेला. त्याबद्दल अण्णांना काही वाटलं नाही. मारणारा सगळ्यांसमोर होता.

पाण्याचं शास्त्र ड्रायव्हरसाहेबांनी त्यांना शिकवलं होतं ते असं: नवं पाणी दिसायला स्वच्छ, पण माशाला विष. माशाची घाण त्यात साचते, पाणी गढुळतं, मग काचेवर आणि वाळूवर एक बुळबुळीत थर धरतो. तो थर ती घाण खातो. थर जमला की पाणी आपोआप निवळतं आणि मग ते वर्षानुवर्षं चालतं. महिना, सव्वा महिना लागतो. तोवर पाणी बदलायचं नाही, काच घासायची नाही, वाळू धुवायची नाही. ते आपल्या धेडगुजरी हिंदुस्थानीत म्हणत, "हाथ नहीं लगाना, मॅन. पानी को बुढ्ढा होने दो." हवेसाठी अण्णांनी मोटारीची जुनी ट्यूब सायकलच्या पंपाने फुगवून, तिला रबरी नळी आणि चिमटा लावून टाकीत सोडली होती. सकाळ-संध्याकाळ ते पंप मारत आणि बुडबुडे मोजत.

पण पाणी बुढ्ढं होईना. अकराव्या दिवशी एक पैलवान उलटा तरंगताना दिसला, अंगावर एकही जखम नव्हती. चौदाव्या दिवशी दुसरा. अण्णांनी दोघांना केळीच्या पानावर ठेवून हुंगलं आणि परड्यात पुरलं. मग चौकशी सुरू झाली.

चौकशी नेहमी दबक्या आवाजात होई, अक्का देवघरात असताना. माझ्या साबणाची वडी त्यांनी मागून घेतली. माझ्या बायकोने मिरचीची फोडणी कोणत्या दिवशी घातली आणि पडवीकडे वारा होता का, हे विचारलं. मलेरियाची फवारणी करणाऱ्या माणसांनी भिंतीवर तारीख लिहिली होती ती त्यांनी टिपून घेतली, आणि ती पाणी भरण्याच्या आधीची निघाल्यावर त्या माणसांना निर्दोष सोडलं. असे एकेक सुटत गेले. मागे राहिलो आम्ही.

सतराव्या दिवशी आणखी एक मेला, आणि अठराव्या दिवशी ड्रायव्हरसाहेब स्वतः आले. त्यांनी बाही वर सारून वाळूत बोट घातलं, काचेवरून आतून अंगठा फिरवला. स्वच्छ काचेवर अंगठा कुरकुरला. "थर कुठे आहे?" ते म्हणाले. "हे अठरा दिवसांचं पाणी नाही. ताजं आहे. तुम्ही बदलताय."

"मी हात लावलेला नाही."

"तर मग दुसरं कोणीतरी बदलतंय, मॅन."

ते गेल्यावर अण्णा माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काच पुसलेली आहे. ठसे पुसलेत. चाळीस दिवस मी बोललोय, चाळीस पुरे करीन. पण तुम्ही दुसरी खोली बघायला लागा."

मला संताप आला. मी म्हटलं, "अण्णा, मला तुमचं पाणी बदलून काय मिळणार?"

"तेच बघतोय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते टाकीवर पहारा करू लागले. काचेवर पाण्याच्या पातळीशी त्यांनी मेणाच्या पेन्सिलने रेघ मारली. टाकीला जाळीचं झाकण होतं, त्यावर निजताना एक केस आडवा ठेवू लागले. पहाटे साडेचारला उठून ते बसवण्णाच्या देवळाजवळच्या खडकावर फिरायला जात. साडेपाचला तिथे ओळखीची माणसं येतात, म्हणून ही वेळ. परत आल्यावर बघत तर रेघ जागच्या जागी, केस मात्र गायब. केस गेला म्हणजे झाकण उघडलं. झाकण उघडलं तर रेघ का हलली नाही? या कोड्याने ते चार दिवसांत वाळून गेले.

संशय सर्दीसारखा पसरतो. मीही बिघडलो. खोली बघायला कॉटनपेटपासून मल्लेश्वरमपर्यंत पायपीट करून यायचो आणि पडवीतून जाताना त्या काळ्या माशांकडे बघून वाटायचं, हा म्हातारा स्वतःच तर मारत नसेल? आम्हाला काढायला निमित्त हवं, म्हणून? एकदा तर बायकोला विचारलं, "तू चुकून काही टाकलंस का त्यात? खरं सांग." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

बाविसाव्या दिवशी अंगात कसर होती म्हणून पहिल्या पाळीला गेलो नाही. पहाट फुटत होती. अण्णा फिरायला गेले होते. नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, आणि खिडकीतून मला अक्का दिसल्या. अजून आंघोळ व्हायची होती. डोक्यावरून पदर, हातात रुंद तोंडाची पितळी घागर. त्यांनी टाकीच्या झाकणावरचा केस चिमटीत धरून तोंड वाकडं करून बाहेर टाकला. झाकण काढलं. टाकीतलं पाणी एकेक घागर भरून नेऊन पायरीजवळच्या अबोलीला घातलं. काथ्याने काच आतून घासली. वरची वाळू हाताने ढवळून गाळ काढला. मग नळाचं ताजं पाणी आणून बरोब्बर पेन्सिलच्या रेघेपर्यंत भरलं. भावाने ती रेघ, पाणी कुठवर भरायचं ते कळावं म्हणून मारली आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. शेवटी उरलेल्या दोन पैलवानांकडे वाकून म्हणाल्या, "आता बरं वाटेल हं."

त्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कुठल्याच भांड्यात राहत नसे, हे मी रोज बघत होतो. तपेली, कळशी, देवाचा गडवा, सगळं पहाटे रिकामं होई आणि ताज्या पाण्याने भरलं जाई. शिळ्या पाण्याला अक्का पायही धूत नसत. अशा बाईने मुक्या जिवांना तीन आठवडे शिळ्यात ठेवलं असतं का? आणि मासे मरू लागले तसतसं त्यांना वाटलं असणार की आपलं बदलणं कमी पडतंय. पहिल्यांदा एक घागर बदलत असतील, आता पाच बदलत होत्या. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. अण्णांनी साऱ्या गल्लीला विचारलं होतं, अक्कांनाच काय ते विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक मेला. राहिला एक, दोन खोल्या बळकावणारा.

मी बायकोला म्हटलं, "संध्याकाळी अण्णांना सांगतो. सुटलो आपण."

ती म्हणाली, "त्यांना सांगणार की तुम्ही सगळ्या जगावर संशय घेता ते चुकीचं, खरा घ्यायला हवा होता तो हिच्यावर?"

"मग अक्कांना सांगू. त्या थांबतील."

"आणि त्यांना कळेल की एवढे जीव त्यांच्या हातून गेले. मुंगी मेली तर त्या जेवत नाहीत."

"मग आपण रस्त्यावर जायचं? आठव्या महिन्यात?" माझा आवाज चढला. मला खरोखर भीती वाटत होती. तिलाही वाटत होती, कारण तिने पोटावर हात ठेवला होता. पण दुपारी तिने ट्रंक उघडली आणि तळाशी नेसूच्या लुगड्यात गुंडाळलेला गडू काढला. लिंबाएवढा तांब्याचा, तोंड झाळलेलं. तिची आई काशीला गेली होती तेव्हा आणलेला. आईची म्हणून तिच्याकडे दुसरी वस्तू नव्हती.

ती अक्कांकडे गेली. मी दाराआडून ऐकत होतो.

"अक्का, गंगेचं पाणी शिळं होतं का हो?"

"गंगा कशी शिळी होईल, मुली?"

"आणि ती ज्या पाण्यात पडेल ते?"

"ते पण गंगाच की."

"मग हे टाकीत घालू या. आईचं आहे. रोज एवढ्या घागरी तुम्ही कशाला ओढायच्या या वयात? शिळं व्हायचंच नाही ते."

अक्का कितीतरी वेळ त्या गडूकडे बघत होत्या. त्या घरात पहिल्यांदाच गंगा आली होती. थोडी मागून ठेवावी असं त्यांच्या मनात आलं असेल, आलंच असणार. पण म्हणाल्या, "सगळं घाल. मोठी आहे टाकी, थेंबानं काय होणार? बिचारा एकटा राहिलाय." बत्त्याने गडूचं तोंड फोडलं आणि दोघींनी मिळून ते पाणी पैलवानाच्या डोक्यावर ओतलं. तो वर येऊन गडूवर धडकला.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी टाकीला हात लावला नाही. पाणी आधी गढूळ झालं, चहासारखं पिवळट झालं, काचेवर हिरवट थर धरला. मी रोज कामावर जाताना त्याच्याकडे बघत होतो. पैलवान तळाशी धापा टाकत होता, चार दिवस त्याने काही खाल्लं नाही. मग एका सकाळी त्याने उरलेल्या सगळ्या कुंड्या उलथून टाकल्या. पाणी निवळायला लागलं होतं.

केस मात्र आता रोज जागेवर सापडत होता, आणि हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. मला दम भरल्यावर चार-पाच दिवसांत पाणी बदलणं थांबलं. म्हणजे बदलणारा कोण?

चाळिसाव्या दिवशी अण्णांनी मला पडवीत बोलावलं. अक्का देवघरात होत्या. अण्णा टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले होते, तपासनिसाचा जुना काळा कोट घालून.

"केस हलत नाही," ते म्हणाले.

"हो."

"पाणी तुम्ही बदलत होता?"

चाळीस दिवसांत हा प्रश्न त्यांनी सरळ पहिल्यांदाच विचारला. मी आमच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. अक्कांची घंटा ऐकू येत होती.

"हो," मी म्हणालो. "मीच. काळजीपोटी. आता थांबवलंय."

"कशानं बदलत होता?"

"घागरीनं."

"कुणाच्या?"

"आमच्या."

"तुमच्या घागरीचं तोंड अरुंद आहे. टाकीत बुडत नाही. मी मोजलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गाडीत बिनतिकिटाचा माणूस 'होतं, हरवलं' म्हणतो. तीस वर्षं तेच ऐकलं. उलटं बोलणारा एकच भेटला. हासनच्या गाडीत एक म्हातारा. दोघांत तिकीट एक, बायकोच्या मुठीत दिलं आणि मला म्हणाला, माझ्याकडे नाही, मला उतरवा."

"उतरवलं?"

"इल्ला." मग म्हणाले, "तुम्ही पण राहा."

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी पायरीकडे बोट केलं. तिथली अबोली कमरेएवढी वाढली होती आणि फुलांनी भरून गेली होती. बाकीच्या अंगणात मात्र धड एक कळी नव्हती. "दुसरा गेला तेव्हाच," ते म्हणाले. "तिला सांगू कसं? सांगितलं तर ती अन्न सोडेल. उपास सोसत नाहीत तिला आता."

"मग रोज केस कशाला ठेवत होता?"

ते टाकीत बघत म्हणाले, "दुसरं कोणी सापडेल म्हणून."

मला खरं म्हणजे त्यांना चार शब्द सुनवायचे होते. बावीस दिवस माझी बायको रात्री झोपली नव्हती, मी साऱ्या गावात खोल्या शोधत फिरलो होतो, आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं. पण त्या काळ्या कोटात ते फार म्हातारे दिसत होते आणि माझा राग निघेना. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ती थांबली कशी? तुम्ही बोललात?" मी गडूचं सांगितलं. उठताना ते म्हणाले, "झाळलेला होता?"

"हो."

"हं," ते म्हणाले. "वासाचा साबण मात्र अजून पण नको."

त्या घरात आम्ही आठ वर्षं राहिलो. मुलगी तिथेच झाली, अक्कांच्या हातावर, बारावी. अण्णांनी तिला पाळण्यात बघितलं, हुंगलं आणि सरी म्हणाले. पोस्टमन बदलला, कार्डं चालूच राहिली. पैलवान वीतभर झाला. टाकीत हात घालणाऱ्या कुणालाही तो सोडत नसे. आठ वर्षांत पाणी आटलं की वरून थोडं घालत, बाकी ते बदललं नाही. अक्का आल्यागेल्याला सांगत, "गंगा घातल्यापासून एक मेला नाही बघा." अण्णा ऐकत आणि काही बोलत नसत. स्वतःच्या घरातल्या त्या गंगेबद्दल त्यांचं मत काय, ते मी कधी विचारलं नाही.

आठव्या वर्षी एका रविवारी दुपारी अक्का गेल्या. आठवडाभर अंथरुणावर होत्या. पाचव्या डॉक्टरने सकाळीच मान हलवली होती आणि त्या दिवशी अण्णांनी त्याला खोटं दुखणं सांगितलं नव्हतं. खोलीत आम्ही तिघे होतो. अक्कांनी डोळे उघडले आणि ओठ हलवले. अण्णांनी कान जवळ नेला.

"गंगा," त्या म्हणाल्या.

माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गडू त्या घरात एकच आला होता आणि तो कुठे गेला ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "अण्णा, मी गल्लीत विचारून येतो, कुणाकडे तरी असेल."

"नक्को," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट होता. "टाकीत आहे की."

अण्णा उठले. पडवीत गेले. देवाची पळी आणि पंचपात्र त्यांनी बरोबर घेतलं होतं. झाकण बाजूला करून त्यांनी हात पाण्यात घातला तशी पैलवानाने धडक मारली आणि बोट फोडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. पंचपात्र भरलं, उपरण्याच्या टोकातून गाळून घेतलं आणि परत येऊन अक्कांच्या उशाशी बसले. बोटातून रक्त येत होतं ते त्यांनी धोतराला पुसलं.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. जन्मभर त्यांनी या भावाला ओळखलं होतं. "गंगाच ना रे?" त्यांनी विचारलं.

"गंगाच, अक्का," अण्णा म्हणाले.

त्यांनी पळी भरली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. सवयीने तो आधी नाकाकडे जाईल असं मला वाटलं होतं. तो सरळ तिच्या ओठांकडे गेला.